'मोठं यश' मिळालं, पण कशात?

"ताई, मी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. गेले कित्येक महिने रात्री दोन-अडीचपर्यंत फोनवर युद्धाच्या बातम्या बघत असते. कुठलं गाव पडलं, किती ड्रोन पाडले, किती ठार झाले. सकाळी डोळे उघडले की वर्गाच्या ग्रुपवर कुणाचं तरी सिलेक्शन झाल्याची पोस्ट आणि खाली अभिनंदनांची रांग. आता मला दोन्ही बातम्या सारख्याच वाटायला लागल्या आहेत. दुसऱ्या वर्षी आजारपणामुळे माझे तीन विषय राहिले होते. ते यंदा सुटले, पण प्लेसमेंटच्या तीन कंपन्यांनी पहिल्याच फेरीत बाहेर काढलं. त्या रात्री मी खूप रडले आणि मग रडल्याचीच लाज वाटली. तिकडे माझ्या वयाची मुलं मरतायत आणि मी एका परीक्षेसाठी रडते. रूममेटला नोकरी लागून आठ दिवस झाले, मी अजून तिचं धड अभिनंदनही केलेलं नाही. यश म्हणजे नेमकं काय, हेच कळेनासं झालंय. या दिवसांत अभ्यास करण्याला तरी काही अर्थ आहे का?"

तुला दोन्ही बातम्या सारख्या वाटतात, कारण त्या लिहिल्याच सारख्या जातात. हे मी ऐकीव सांगत नाही. हे सदर लिहायला लागण्याआधी अकरा वर्षं मी एका दैनिकात रात्रपाळीच्या डेस्कवर होते. बाराच्या सुमाराला वृत्तसंस्थेची कॉपी यायची, पान सोडायला वीस मिनिटं उरलेली असायची आणि मथळ्याला जागा असायची जेमतेम दोन कॉलमांची. 'मोठं यश' हे दोन शब्द त्या जागेत चपखल बसतात. 'मुसंडी', 'काबीज', 'खात्मा' हेही बसतात. परीक्षांच्या निकालाच्या दिवशी त्याच टेबलावर बसून मी 'घवघवीत यश', 'बाजी मारली', 'झेंडा रोवला' असं लिहिलं आहे. झेंडा दोन्हीकडे रोवला जातो. गड सर होतो तसं शिखर सर होतं, तशीच परीक्षाही सर होते. शब्दांचा डबा एकच होता, त्यातून आम्ही दोन्ही बातम्यांना वाढायचो.

एक रात्र मला विसरता येत नाही. सीमेवरच्या एका गावाबद्दल तासाभराच्या अंतराने दोन बातम्या आल्या. दोन्ही सैन्यांचा दावा एकच, गाव आमच्या ताब्यात. मी आधी आलेली लावली. गावात माणसं उरली होती का, त्यांना पाणी मिळत होतं का, हे दोन्ही कॉप्यांमध्ये कुठेच नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उठून पेपर हातात घेतला तेव्हा लक्षात आलं, की गाव पडलं म्हणजे तिथे नेमकं काय झालं हे मला माहीत नव्हतं, आणि तरीही मी ते हजारो घरांत छापून पाठवलं होतं. त्या दिवसापासून मला 'यश' हा शब्द एकटा दिसला की अस्वस्थ व्हायला होतं.

मराठीत यश नुसतं येत नाही, ते कशात तरी येतं. 'प्रयोगात यश आलं', 'त्याला शोधण्यात यश आलं.' मथळ्यात जागा कमी म्हणून आम्ही तो 'कशात' गाळायचो. तुझ्या ग्रुपवरच्या पोस्टींतूनही तोच शब्द गळलेला आहे. यश म्हणजे काय हे सगळ्यांसाठी एकदाच ठरवून देणं मला जमणार नाही. पण गाळलेला 'कशात' परत जागेवर ठेवून बातमी पुन्हा वाचायची कशी, हे मी तुला दाखवू शकते. तू संख्याशास्त्राची आहेस, तेव्हा आकड्यांपासूनच सुरुवात करते.

१५ सप्टेंबर १९४०. ब्रिटनच्या आकाशात दिवसभर लढाई झाली आणि रात्री जाहीर झालं की जर्मनीची १८५ विमानं पाडली. युद्ध संपल्यावर जर्मनांची कागदपत्रं तपासली, तेव्हा आकडा साठच्या आसपास निघाला. जवळजवळ तिप्पट फुगलेला. यातले बहुतेक वैमानिक खोटं बोलत नव्हते. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, ते धूर सोडत खाली गेलं, आणि तिघांनीही उतरल्यावर प्रामाणिकपणे 'मी एक पाडलं' असं सांगितलं. वर सरकारला तो मोठा आकडा त्या दिवशी हवाच होता, म्हणून तो पटकन छापला गेला. पण खरी गोष्ट पुढेच आहे. आकडा चुकीचा असूनही त्या दिवशी ब्रिटनला यश आलं होतं. कशात, तर आपलं हवाई दल शाबूत आहे हे दाखवण्यात. दोनच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, हिटलरने ब्रिटनवर सैन्य उतरवण्याची योजना बेमुदत पुढे ढकलली. १८५ ऐवजी ६० म्हणाले असते तरी ते घडलंच असतं.

आता तुमच्या प्लेसमेंटच्या फलकाकडे बघ. तिथे बहुतेक वेळा ऑफर मोजलेल्या असतात. एका मुलीला तीन ऑफर मिळाल्या की फलकावर तिघांचं भलं झालेलं दिसतं, ते एका विमानावरच्या तीन दाव्यांसारखंच आहे. 'पात्र विद्यार्थ्यांपैकी इतके टक्के' असं लिहिलेलं असेल, तर पात्र कुणाला धरलं हे विचार. ज्यांनी नाव नोंदवलं नाही, ज्यांचे विषय राहिलेले होते, जे पुढे शिकायला जाणार होते, ते छेदातूनच गेलेले असतील. सरासरी पॅकेज सांगितलं असेल तर मध्यक, म्हणजे सगळी पॅकेजं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं पॅकेज, विचार. एका मुलाला भलंमोठं पॅकेज मिळालं की सरासरी त्याच्यामागे धावते, मध्यक जागचा हलत नाही. हे तू वर्गात शिकली आहेस. स्वतःला मोजताना मात्र ते सगळं बाजूला ठेवलंस आणि फलकावरचा सर्वांत वरचा आकडा धरून स्वतःला नापास केलंस. सर्वांत वरचा आकडा सर्वांत वर असतो एवढंच त्यातून कळतं, हे तुझ्याच विषयाचं म्हणणं आहे.

सीजीपीएबद्दलही, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या त्या एका सरासरी आकड्याबद्दलही, एक सांगते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्यापुढे अडचण होती की ठरलेली आघाडीची रेषाच नव्हती, मग आपण पुढे चाललो आहोत हे दाखवायचं कसं? त्यांनी मारलेले शत्रू मोजायला सुरुवात केली. दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावला, रोज संध्याकाळी पत्रकारांना आकडे दिले जात. आकड्यावर बढत्या अवलंबून, म्हणून आकडा वाढू लागला, आणि प्रेत कुणाचंही असो, ते शत्रूच्या खात्यावर जाऊ लागलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये तिथल्या अमेरिकन सैन्याचे प्रमुख जनरल वेस्टमोरलँड यांनी वॉशिंग्टनला जाऊन सांगितलं की शेवट नजरेच्या टप्प्यात येतो आहे. जानेवारी १९६८ च्या अखेरीला टेटच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या, सणात दक्षिण व्हिएतनामच्या शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ले झाले. हे हल्ले परतवले गेले, मारलेल्यांच्या आकड्यात अमेरिका पुन्हा पुढे होती, आणि ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. आकडा मारण्यातल्या यशाचा होता. युद्ध मात्र दक्षिण व्हिएतनामचं सरकार टिकवण्यासाठी चाललं होतं.

सीजीपीए तसा निरुपद्रवी आकडा आहे. मी त्याला नावं ठेवणार नाही, कारण अर्जावर तो मागतात आणि तुला तो भरावा लागणार आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री मागच्या पाच वर्षांचे पेपर घोकून काढलेला विषय आणि तीन महिने चुका करत समजून घेतलेला विषय दोन्ही एकाच रकान्यात बसतात. तुझे राहिलेले तीन विषय तू दुसऱ्यांदा वाचून सोडवलेस. त्यातलं किती डोक्यात राहिलं, हे गुणपत्रिकेला माहीत नाही, तुला माहीत आहे.

त्या तीन विषयांबद्दल तू पत्रात अर्धं वाक्य लिहिलंस आणि लगेच 'पण' म्हणून पुढे गेलीस. मला तिथेच थांबायचं आहे. १९४० च्या मे-जूनमध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटन आणि मित्रराष्ट्रांचे सुमारे ३,३८,००० सैनिक समुद्रमार्गे सोडवून आणले गेले. तोफा, गाड्या, दारूगोळा बहुतेक तिथेच टाकावा लागला. देशात विजयासारखा आनंद झाला, तेव्हा ४ जूनला चर्चिल संसदेत म्हणाले की माघार घेऊन युद्धं जिंकता येत नाहीत, याला विजयाचा दर्जा देऊ नका. मात्र याच भाषणात त्यांनी या सुटकेचं श्रेयही पुरेपूर दिलं. आजारपणातून उठून, पुढच्या वर्गाचा अभ्यास करता करता मागचे तीन विषय ओढून आणणं, ही तुझी डंकर्कची सुटका आहे. तिला विजय म्हणू नकोस, मीही म्हणत नाही. पण 'तीन विषय सुटले, पण' असं म्हणून तिच्यावरून पुढे जाऊही नकोस. ते झालं नसतं तर कंपन्यांच्या पहिल्या फेरीपर्यंत तू पोचलीच नसतीस.

आता त्या पहिल्या फेरीकडे येऊ. अब्राहम वॉल्ड यांची गोष्ट तुमच्या वर्गात झाली असणार. १९३८ मध्ये नाझींच्या तावडीतून निसटून अमेरिकेला पोचलेले ज्यू गणिती. मागे राहिलेलं त्यांचं बहुतेक कुटुंब मारलं गेलं. १९४३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात त्यांच्यापुढे प्रश्न होता, की लढून परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा पाहून विमान कुठे कमजोर आहे हे कसं ठरवायचं. वॉल्ड यांच्या मांडणीचं मर्म असं, की आपल्यापुढे आहेत ती परतलेली विमानं. इंजिनावर खुणा कमी दिसतात, कारण इंजिनाला लागलं ती परतलीच नाहीत. समोर नाही त्याचा हिशेब आधी करा.

तुझ्या ग्रुपवर रोज परतलेली विमानं उतरतात. पहिल्या फेरीत बाहेर गेलेल्यांची पोस्ट कुणी टाकत नाही. तूही टाकली नाहीस. त्या सकाळी तुझ्यासारखे किती जण उशीत तोंड खुपसून पडले होते, हे ग्रुपवरून कधीच कळणार नाही. म्हणून एक कर. मागच्या वर्षी ज्यांचं कॅम्पसमधून काहीच झालं नाही असे तीन-चार सीनियर शोध आणि त्यांना फोन कर. नोकरी लागलेल्यांना नको, त्यांना सगळे करतात. यांना विचार की त्यानंतर सहा महिन्यांत काय झालं. माझा अंदाज आहे की तू ऐकशील त्यातलं बरंचसं तुला वाटतं तितकं भयाण नसेल, आणि जे कठीण असेल ते निदान खरं असेल.

दुसरी गोष्ट तुझ्याच खुणांची. तीनही वेळा तू एकाच जागी पडलीस. पहिली फेरी बहुतेक ठिकाणी गर्दी कमी करण्यासाठी असते, घड्याळ लावून सोडवायची चाळणी परीक्षा. तिथे वेग लागतो आणि वेग सरावाने येतो. तू माणूस म्हणून, विद्यार्थिनी म्हणून कशी आहेस, प्रकल्पाबद्दल विचारलं तर काय सांगशील, हे त्या तीनही कंपन्यांनी अजून पाहिलेलंच नाही. तेव्हा 'मला नाकारलं' असं म्हणण्याआधी 'मला कशात अपयश आलं' असं विचार. उत्तर निघतं, ६० मिनिटांत ६० प्रश्न किंवा तसंच काहीतरी सोडवण्यात. त्यावर उपाय आहे. पुढचे तीन आठवडे रोज एक पेपर, घड्याळ समोर ठेवून, आणि चुकलेल्या प्रश्नांची वही. रडून झाल्यावर करायचं काम आहे, आणि रडण्यात काही चूक नव्हती.

लाजेबद्दल मात्र मला तुझ्याशी स्पष्ट बोलायचं आहे. तू त्या रात्री रडली नसतीस तर तिकडचा एकही मुलगा वाचला नसता. दुसऱ्याचं दुःख मोठं आहे म्हणून आपलं दुखणं थांबत नाही, ते फक्त आणखी एकटं पडतं. तुझ्या मनाला ती मुलं लागतात, हे मला फार मोलाचं वाटतं. ते लागू दे. पण त्यांच्या मरणाची काठी करून स्वतःला मारू नकोस.

आणि अभ्यासाला अर्थ आहे का, असं तू विचारतेस. हा प्रश्न आधी त्यांनाही पडला होता ज्यांच्या डोक्यावर प्रत्यक्ष बॉम्ब पडत होते. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केलं, तेव्हा पेकिंग, छिंगह्वा आणि नानकाई ही तीन विद्यापीठं आपापली शहरं सोडून आधी छांगशाला आणि १९३८ मध्ये तिथून आणखी आत, कुनमिंगला गेली. दोनशेहून अधिक विद्यार्थी, सोबत काही प्राध्यापक, ६८ दिवसांत सुमारे १६०० किलोमीटरचं अंतर कापून गेले, बरंचसं पायी. तिन्हींचं मिळून झालेलं विद्यापीठ १९४६ पर्यंत चाललं. वर्गखोल्यांवर पत्रे होते. जोराचा पाऊस आला की शिकवणाऱ्याचा आवाज पत्र्यांखाली बुडून जायचा आणि वर्ग नुसता बसून राहायचा. हवाई हल्ल्याचा इशारा झाला की वह्या उचलून टेकड्यांकडे पळायचं, धोका टळला की परत यायचं. या वर्गांमध्ये शिकलेले यांग चेन-निंग आणि ली त्सुंग-दाओ यांना १९५७ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. मीही बरीच वर्षं इथेच थांबायचे. पण यांग आणि ली ही परतलेली दोन विमानं झाली. त्या विद्यापीठात एकूण सुमारे ८००० विद्यार्थी आले, पदवी मिळाली ती ४००० पेक्षा कमी जणांना. बरेच जण पोटासाठी नोकरी धरून मधेच गेले, कित्येक सैन्यात गेले. १९४६ मध्ये विद्यापीठाने निघण्यापूर्वी तिथे एक स्मारकशिळा उभारली. तिच्या पाठीवर सैन्यात गेलेल्या ८०० हून अधिक विद्यार्थ्यांची नावं कोरलेली आहेत. पत्र्याखाली बसून पाऊस थांबायची वाट बघणाऱ्या त्या मुलांना आपल्यातलं कोण नोबेलपर्यंत जाणार, कोण पदवीआधीच नाहीसं होणार हे ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की पाऊस थांबला की समीकरण पुढे सुरू होईल. ते विद्यापीठ यशस्वी झालं असं मी म्हणते तेव्हा माझ्या मनात नोबेल नसतं. त्यांना वर्ग बंद पडू न देण्यात यश आलं. नऊ वर्षं.

तुझा वर्ग आज कुणी बंद पाडत नाही. निदान रात्री दोन वाजता तूही पाडू नकोस. गाव पडल्याचं दोनला कळलं काय आणि सकाळी आठला कळलं काय, त्या गावाला फरक पडत नाही. आणि डेस्कवरच्या अनुभवातून सांगते, पहिल्या काही तासांतली बातमी सगळ्यांत कच्ची असते. त्या वेळी दावे येतात. कोण मेलं, कोण वाचलं, कुणी घर सोडलं, हे सावकाश येतं. म्हणून दिवसातून एकदाच, उजेडात, एक मोठी बातमी शेवटपर्यंत वाच. नकाशा पुढे सरकला की मागे, याच्याऐवजी माणसांबद्दल काय लिहिलं आहे ते शोध. 'मोठं यश' दिसलं की 'कशात?' असं विचार, आणि उत्तर बातमीत नसेल तर ती बाजूला ठेव. काही करावंसं वाटत असेल तर युद्धग्रस्तांना मदत करणारी, हिशेब उघड ठेवणारी एक संस्था निवड आणि जमेल तेवढं दर महिन्याला दे. थोडं असलं तरी चालेल, पण दर महिन्याला दे. रात्रभर बघत बसण्यापेक्षा त्या माणसांपर्यंत ते जास्त पोचतं.

राहिली तुझी रूममेट. तू लिहितेस की आठ दिवस झाले. मला वाटतं तिलाही ते आठ दिवस मोजता आले असतील. तुझं पहिल्या फेरीत काय झालं हे तिला माहीत आहे, त्यामुळे स्वतःचा आनंद खोलीत आणायला तीही बिचकत असेल. ग्रुपवरच्या रांगेत आणखी एक अभिनंदन टाकू नकोस. आज रात्री दिवा मालवण्याआधी फोन उलटा ठेव आणि तिला सांग, "मला त्या दिवशी बोलता आलं नाही, माझंच दुखत होतं. आता सांग, मुलाखतीत तुला काय काय विचारलं?" मग ती सांगेल ते सगळं ऐक. पहिल्या फेरीचा पेपर तिने कसा सोडवला, हेही विचारून घे. ती सांगेल.